वरचं कीर्तन खालच्या टीव्हीवर : ग्वाल्हेरच्या मंडळातल्या मल्टिकास्ट जोडणीच्या नोंदी

आमच्या मंडळाची इमारत ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, महाराज बाड्यापासून चालत दहा मिनिटांवर. जुनी, दुमजली, जाड भिंतींची. सभागृह वर आहे आणि जिना अरुंद, उंच पायऱ्यांचा. दर गणपतीत वर कीर्तन रंगतं आणि ज्यांनी हे मंडळ इतकी वर्षं धरून ठेवलं ती मंडळी खालच्या खोलीत खुर्च्या टाकून जिन्यातून येईल तेवढा आवाज ऐकत बसतात. मागच्या वर्षी आत्याने मला विचारलं, "सगळे हसल्याचं ऐकू आलं रे, बुवांनी काय केलं?" तेव्हाच ठरवलं की पुढच्या वर्षी खाली चित्र दिसलंच पाहिजे.

काम असं : वर रंगमंचासमोर एक कॅमेरा आणि मूर्तीसमोर एक. दोन्हींना एकेक एन्कोडर, म्हणजे चित्र नेटवर्कवर पाठवणारी डबी. खाली चार टीव्ही, म्हणजे ज्येष्ठांच्या खोलीत एक, पंगतीच्या हॉलमध्ये दोन आणि दारात चपला काढतात तिथे एक. प्रत्येक टीव्हीमागे एक डीकोडर, ते चित्र उलगडून टीव्हीला देणारा. वर सोळा पोर्टांचा मॅनेज्ड स्विच (केबली एकत्र जोडणारं, सेटिंग करता येणारं उपकरण), खाली कार्यालयात आठ पोर्टांचा. पंगतीच्या हॉलमध्ये आधीपासूनच पाच पोर्टांचा साधा स्विच होता, ज्यात काहीच सेटिंग करता येत नाही. त्याला मी पुढे मुका स्विच म्हणतो. ब्रॉडबँडचा राउटर कार्यालयात, पण त्याची केबल वरच्या स्विचला, आणि वायफाय त्याच राउटरचं.

मल्टिकास्ट निवडायचं कारण सरळ आहे. प्रत्येक टीव्हीला वेगळी प्रत पाठवायची तर स्वस्त एन्कोडर दोन-तीन टीव्हींनंतर दम टाकतो. मल्टिकास्टमध्ये तो एका गटाच्या पत्त्यावर एकदाच पाठवतो आणि प्रती काढायचं काम स्विच करतो. स्विचला हे काम नीट करायला लावण्यातच माझा ऑगस्ट गेला. दुसऱ्या कुठल्या मंडळाला असं करायचं असेल तर त्यांचे दिवस वाचावेत म्हणून हे लिहून ठेवतोय.

३ ऑगस्ट २०२५, रविवार

दिवसभर फक्त केबल. वरून खाली उतरायला जिन्याजवळची भिंत फोडावी लागली. ड्रिलचा लांब बिट अर्ध्यातच संपला. इलेक्ट्रिशियन दुसरा बिट आणायला गेला तो दोन तासांनी परतला. पुतण्याने प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून नंबर घातले. त्या दिवशीचं सगळ्यात उपयोगी काम तेच ठरलं.

१० ऑगस्ट, रविवार

रंगमंचाचा एन्कोडर लावला. १०८०पी, एच.२६४, १२ मेगाबिट प्रति सेकंद, गटाचा पत्ता २३९.१०.१०.१. चारही टीव्हींवर चित्र आलं. रिकामं स्टेज आणि त्यावर झाडू मारणारा पुतण्या, एवढंच दिसत होतं, पण आम्ही दोघं खालीवर धावत पाहून आलो.

दहा मिनिटांत कार्यालयातले काका जिन्याखालून ओरडले, "अरे, नेट कुठे गेलं? वर्गणी भरायला माणूस उभा आहे." वायफाय दिसत होतं, पण फोनवर एक पान उघडेना.

स्विचचे पोर्टचे आकडे उघडून पाहिले. ज्या पोर्टवर टीव्ही नव्हता तिथेही १२ मेगाबिट वाहत होते. कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरला, प्रिंटरला, राउटरला, सगळ्यांनाच चित्र जात होतं. पानात मागितलं नसतानाही वाढपी वाढत सुटावा, तसं.

कारण असं की, स्विच एरवी शिकतो तो पाठवणाऱ्याच्या मॅक पत्त्यावरून, म्हणजे उपकरणाच्या हार्डवेअर पत्त्यावरून. मल्टिकास्टचा पत्ता पाठवणाऱ्याच्या जागी कधीच येत नाही, म्हणून तो कुठल्या पोर्टवर आहे हे स्विचला कधी कळत नाही आणि तो सगळीकडे ढकलतो. तारेवर १२ मेगाबिट काहीच नाहीत, पण वायफायवर मल्टिकास्ट साधारणपणे सगळ्यात खालच्या सक्तीच्या वेगाने जातो. आमच्याकडे तो ६ मेगाबिट होता. त्यात १२ मावणारच नाहीत, बाकीच्यांना हवेत जागाच उरत नाही.

एन्कोडर बंद केला. काकांना म्हटलं, उद्या संध्याकाळपर्यंत वेळ द्या.

११ ऑगस्ट, सोमवार

ऑफिसातून सुटून थेट मंडळात. वरच्या स्विचवर आयजीएमपी स्नूपिंग चालू केलं. टीव्हीचा डीकोडर एखाद्या गटात येताना 'मला हा गट हवा' असा निरोप आयजीएमपी या ठरलेल्या पद्धतीने पाठवतो. तो निरोप खरं तर राउटरसाठी असतो, पण स्नूपिंग चालू असलेला स्विच तो वाटेत वाचतो आणि 'या पोर्टला हा गट द्यायचा' अशी नोंद करतो. बाजूलाच 'नोंद नसलेल्या मल्टिकास्टचं काय करायचं' असा पर्याय होता. तिथे 'टाकून द्या' निवडलं, सेव्ह केलं. खालच्या स्विचला हात लावला नाही.

चित्र छान, वायफाय छान. काकांना दाखवलं. त्यांनी चहा मागवला. चहा यायच्या आत चारही टीव्ही थिजले.

डीकोडर बंद करून चालू केले, चित्र परत आलं. पुन्हा थिजलं. केबलवर संशय घेतला, दोन कनेक्टर कापून नव्याने लावले. एन्कोडर गरम होतोय म्हणून त्याला पंखा लावला. यात दीड तास गेला, आणि तो पूर्ण वाया गेला. शेवटी पुतण्याने फोनवर वेळ लावली. डीकोडर चालू केल्यापासून ४ मिनिटं २४ सेकंद. पुन्हा, ४ मिनिटं २७ सेकंद. केबल खराब असती तर चित्र इतक्या ठरल्या वेळेला गेलं नसतं.

मग एक प्रयोग केला, त्यातून सगळ्यात जास्त कळलं. 'टाकून द्या'च्या जागी 'सगळीकडे पाठवा' केलं. आता चित्र जाईना, पण साडेचार मिनिटं उलटली आणि वायफाय बसलं. म्हणजे दोन्ही वेळा घडत होतं एकच : चार मिनिटं वीस सेकंदांच्या पुढे स्विचच्या वहीतून टीव्हींची नोंद पुसली जात होती. पुढे चित्र थिजतं की वायफाय मरतं, हे त्या एका पर्यायावर ठरत होतं.

रात्री घरी आयजीएमपी आवृत्ती २ चा कागद वाचला, १९९७ चा आरएफसी २२३६ (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज). हिशोब तिथेच आहे. गटाची हजेरी दर १२५ सेकंदांनी घ्यायची, एखादी हजेरी हुकली तरी चालावं म्हणून ती दोनदा मोजायची, आणि उत्तराला १० सेकंद द्यायचे. १२५ दुणे २५०, अधिक १० म्हणजे २६० सेकंद. तेवढ्यात सभासदाचा आवाज आला नाही तर नाव काढायचं. माझे टीव्ही आत येताना नाव सांगत होते. नंतर कोणी विचारलंच नाही तर ते आपणहून बोलत नाहीत.

१२ ऑगस्ट, मंगळवार

खात्री करायला लॅपटॉप वरच्या स्विचला लावला, व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये चित्र उघडलं आणि शेजारी वायरशार्क, म्हणजे तारेवरचे निरोप दाखवणारा प्रोग्राम. फिल्टरमध्ये आयजीएमपी. व्हीएलसी उघडताना लॅपटॉपचा निरोप दिसला, काही सेकंदांनी तोच परत, आणि मग शांतता. दहा मिनिटं एकही प्रश्न आला नाही. हजेरी घेणारा कोणी नाहीच, हे डोळ्यांनी पाहिलं. ज्यांना शंका असेल त्यांनी सगळ्यात आधी हेच पाहावं. मी केबल कापत बसलो.

त्याच भरात खालच्या स्विचवरही स्नूपिंग चालू केलं, वाटलं निदान तो तरी सुधारेल. झालं उलटंच, खालचे टीव्ही आता सुरूच होईनात. आधी निदान चार मिनिटं चालत होते.

हे समजायला तासभर लागला. स्नूपिंग करणारा स्विच सभासदांचे निरोप सगळ्या पोर्टांवर पाठवत नाही, फक्त जिकडून हजेरीचा प्रश्न येतो त्या पोर्टवर पाठवतो. त्याला राउटर पोर्ट म्हणतात. काल खालचा स्विच साधा होता, निरोप सगळीकडे उधळत होता, म्हणून ते वर पोचत होते. आज तो स्नूपिंग करायला लागला आणि प्रश्न कुठूनच येत नसल्याने निरोप कुठे पाठवायचा हे त्याला ठाऊक नाही. खालच्यांचं मागणं खालीच राहिलं आणि वरच्या स्विचच्या दृष्टीने चित्र कोणालाच नको होतं.

१३ ऑगस्ट, बुधवार

हजेरी घेणं हे मुळात राउटरचं काम, म्हणून राउटरमध्ये आयजीएमपी प्रॉक्सी चालू केली. लॅपटॉपवर पहिला प्रश्न दिसला, २२४.०.०.१ ला, म्हणजे सगळ्यांना. टीव्हींची नोंदही स्विचच्या वहीत आली. अर्धा तास सलग चित्र. मी आत्याला फोन करून सांगितलंसुद्धा.

आणि वायफाय पुन्हा मेलं.

जो हजेरी घेतो त्याच्या दिशेने स्विच प्रत्येक गटाचा सगळा ओघ पाठवतो, तिथे टीव्ही असो नसो. कारण तिथे राउटर आहे, त्याला ते पुढे न्यायचं असेल, असं स्विच धरून चालतो. आमचा राउटर वरच्या स्विचला जोडलेला आणि वायफाय त्याच्याच पोटात. त्याने १२ मेगाबिट सरळ हवेत सोडले. ज्या दारातून पाणी अडवायचं होतं तेच मी उघडून दिलं होतं.

१४ ऑगस्ट, गुरुवार

राउटरमधली प्रॉक्सी बंद. वरच्या स्विचवर 'क्वेरियर', म्हणजे हजेरी घेणारा, चालू केला, पत्ता १९२.१६८.१.२, आवृत्ती २, वेळ १२५ सेकंद. आवृत्ती २ घेतली कारण खालच्या स्विचला ३ नीट कळत नाही, आणि डीकोडर ३ चे असले तरी २ चा प्रश्न ऐकला की २ मध्येच उत्तर देतात.

क्वेरियर वरच का, हे नीट सांगतो, कारण इथे माझे दोन दिवस गेले. पाठवणारे एन्कोडर वर आहेत. हजेरी घेणाराही वर बसला की खालून वर फक्त छोटे निरोप जातात आणि चित्र खाली तेवढंच उतरतं जेवढं मागितलं असेल. हजेरी घेणारा खाली बसवला तर सगळी चित्रं, कोणी पाहत नसलं तरी, कायम खाली वाहतात. दोन चित्रांचं १ गिगाबिटच्या केबलला काही वाटणार नाही, पण जुन्या १०० मेगाबिटच्या जोडणीवर पाच-सहा एन्कोडर असतील तर वाटेल.

दुसरं, एकाच जाळ्यात दोघं हजेरी घ्यायला उभे राहिले तर ज्याचा आयपी पत्ता लहान तो जिंकतो आणि दुसरा गप्प बसतो. आमच्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ आहे. त्याची प्रॉक्सी चालू राहिली असती तर वरचा स्विच हरला असता आणि मी कालच्याच जागी आलो असतो.

चारही टीव्ही बंद करून खाली जाणाऱ्या केबलचा आकडा पाहिला, जवळपास शून्य. एक टीव्ही चालू केला, १२. दुसरा चालू केला, तरी १२. हा आकडा हलला नाही तेव्हा मी खुर्चीतून उठलो आणि पुतण्याच्या पाठीवर थाप मारली. दोन तास सोडलं, काही झालं नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

मूर्तीसमोरचा दुसरा एन्कोडर आला. २३९ ने सुरू होणारे पत्ते आपल्या घरच्या जाळ्यासाठी मोकळे असतात हे माहीत होतं, म्हणून डोक्यात आला तो दिला : २३९.१२८.०.५. चित्र आलं आणि वायफाय रडू लागलं.

स्नूपिंग आहे, क्वेरियर आहे, पहिलं चित्र अजूनही शिस्तीत चालतंय. पण हे दुसरं टीव्ही बंद असतानाही प्रत्येक पोर्टवर. दुपारभर एन्कोडर बदलून, पोर्ट बदलून पाहिले. पहिल्या एन्कोडरला दुसऱ्याचा पत्ता दिला तर दोष त्याच्याकडे गेला. म्हणजे दोष पत्त्यातच.

मल्टिकास्टचा आयपी पत्ता मॅक पत्त्यात बसवताना शेवटचे फक्त २३ बिट घेतात आणि पुढे ०१-००-५ई लावतात. वरचे बिट गळतात, म्हणून ३२ वेगवेगळ्या आयपी पत्त्यांचा मॅक पत्ता एकच होतो. २३९.१२८.०.५ मधला १२८ नेमका गळणाऱ्या बिटात जातो आणि उरतं ०१-००-५ई-००-००-०५. हाच मॅक पत्ता २२४.०.०.५ चा. २२४.०.० ने सुरू होणारे पत्ते जाळ्याच्या स्वतःच्या कारभारासाठी राखीव आहेत, ते स्विच नेहमी सगळीकडे पाठवतो आणि पाठवायलाच हवेत. आमचा स्विच वाटप मॅक पत्त्यावरून करतो, त्यामुळे माझ्या गणपतीच्या चित्रालाही त्याने तीच वाट दिली.

पत्ता २३९.१०.१०.२ केला. अर्ध्या मिनिटात प्रश्न सुटला. २३९.०.०.काहीतरी आणि २३९.१२८.०.काहीतरी हे पत्ते घेऊ नयेत. बऱ्याच उपकरणांवर कारखान्यातून असलाच पत्ता येतो, तो आधी बदलावा.

२१ ऑगस्ट, गुरुवार

पंगतीच्या हॉलची तालीम. दोन टीव्ही, एकावर रंगमंच, एकावर मूर्ती, आणि रिमोटने अदलाबदल करता यावी अशी काकांची इच्छा. सुरुवातीला दोन्हीवर रंगमंच होता. एकावर मूर्ती लावली की दुसऱ्यावरचा रंगमंचही जायचा आणि मिनिट-दोन मिनिटांनी आपोआप परतायचा.

हे माझ्याच हाताने झालं होतं. स्विचमध्ये 'फास्ट लीव्ह' असा पर्याय दिसला, चित्र लवकर बदलेल म्हणून सगळ्या पोर्टांवर चालू केला होता. त्याचा अर्थ, एखाद्या पोर्टवरून 'मला नको' आलं की काही न विचारता त्या पोर्टचा गट तोडायचा. पण पंगतीचे दोन्ही टीव्ही मुक्या स्विचमागे, म्हणजे खालच्या स्विचच्या एकाच पोर्टवर. एकाने नको म्हटलं, ताट दोघांचं उचललं. पुढच्या हजेरीला दुसरा बोलला की चित्र परत, म्हणून ती मिनिट-दोन मिनिटं.

फास्ट लीव्ह त्या पोर्टवर आणि दोन स्विचना जोडणाऱ्या पोर्टांवर बंद केला. आता 'नको' आल्यावर एकेक सेकंदाने दोनदा विचारलं जातं, 'अजून कोणी आहे का', दुसरा टीव्ही 'आहे' म्हणतो आणि चित्र राहतं. मुक्या स्विचवर सीसीटीव्हीचा एक कॅमेरा होता, तो खालच्या स्विचवर हलवला, कारण मुका स्विच आपल्यामागे सगळीकडे ओततोच.

२४ ऑगस्ट, रविवार

संध्याकाळी लाइट गेली. वरचा स्विच इन्व्हर्टरवर नव्हता. लाइट आली, वर सगळे दिवे लागले, खाली एकही टीव्ही सुरू होईना. १२ तारखेचंच लक्षण, म्हणून या वेळी पाच मिनिटांत सापडलं : क्वेरियर बंद. १४ तारखेला 'लागू करा' दाबलं होतं, 'सेव्ह' दाबलं नव्हतं. या स्विचमध्ये ती दोन वेगळी बटणं आहेत. स्नूपिंग ११ लाच सेव्ह झालेलं, म्हणून ते परत आलं, क्वेरियर आला नाही.

हे चतुर्थीच्या संध्याकाळी घडलं असतं तर, या विचाराने हात गार पडले. सेव्ह केलं, सेटिंगची प्रत पेनड्राइव्हवर घेतली, दोन्ही स्विच इन्व्हर्टरवर घेतले आणि मेन स्विच पाडून तीनदा तपासलं.

२७ ऑगस्ट, बुधवार, गणेश चतुर्थी

सकाळी स्थापना, संध्याकाळी कीर्तन. ज्येष्ठांच्या खोलीत सतरा जण. पूर्वरंग सुरू झाला आणि एक गोष्ट आम्ही तालमीत पकडली नव्हती ती समोर आली. चित्र अर्धा सेकंद उशिरा पोचतं आणि जिन्यातून झांज थेट ऐकू येते. गजराला टाळ्या देणाऱ्या आत्याचे हात जिन्यातल्या झांजेवर पडायचे आणि बुवांचे हात टीव्हीवर नंतर. दोनदा थांबून तिने टीव्हीकडे पाहिलं. नेटवर्कमध्ये यावर उपाय नव्हता. जिन्याच्या दारावर दोन सतरंज्या टांगल्या आणि टीव्हीचा आवाज वाढवला. उत्तररंगापर्यंत खोली एका तालात आली.

बुवांनी मध्येच काहीतरी हावभाव केला, वर हशा झाला, आणि खालीही त्याच विनोदावर झाला.

३१ ऑगस्ट, रविवार

काही बिघडलं नाही. आरतीच्या वेळी दारातला टीव्ही मूर्तीवर ठेवतोय, चपला काढतानाच लोक हात जोडतात.

७ सप्टेंबर, रविवार

काल विसर्जन. आज आवराआवर आणि हिशोब. एन्कोडर दोन, १९,६००. डीकोडर चार, २२,४००. सोळा पोर्टांचा स्विच ८,९००, आठ पोर्टांचा २,९००. केबल ७,२००, कनेक्टर ६००, इलेक्ट्रिशियन १,५००. एकूण ६३,१०० रुपये. टीव्ही सभासदांनी घरून दिले होते, ते परत पोचवले. मुका स्विच पुढच्या वर्षी बदलायचा, काकांनी तो खर्च वहीत आत्ताच लिहून ठेवला आहे.

वरच्या स्विचच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला. त्यावर दोन गटांचे पत्ते, क्वेरियरचा पत्ता, कुठल्या पोर्टवर फास्ट लीव्ह बंद आहे ते, आणि लाल पेनने : 'लागू करा'नंतर 'सेव्ह'. पुतण्या पुढच्या वर्षी शिकायला पुण्याला जाईल. त्याच्या जागी जो येईल त्याला हा कागद आधी वाचायला द्यायचा.